पाण्याखालचा शब्द : छोट्या पाणबुडीतील ध्वनिसंभाषणाचा इतिहास आणि कोकणचा किनारा

प्रस्तावना

पाणबुडीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने पोलादी कवच, यंत्रशक्ती, पाणतीर आणि सागरी डावपेच यांच्याकडे जाते. आत बसलेला माणूस वरच्या माणसाशी बोलतो कसा, हा प्रश्न बहुधा तळटीपेत राहतो. मोठ्या युद्धपाणबुडीच्या बाबतीत ते एक वेळ क्षम्य मानता येईल. कारण मौन हेच तिचे शस्त्र असते. परंतु एक-दोन संशोधकांना किंवा काही पर्यटकांना घेऊन समुद्रात उतरणाऱ्या छोट्या पाणबुडीला लपायचे नसते. तिच्या दृष्टीने वरच्या नौकेशी होणारे बोलणे हा प्राणवायूइतकाच आवश्यक पुरवठा आहे. असे असूनही खर्चात काटकसर करावयाची वेळ आली की अनेकदा कात्री लागते ती याच साधनाला.

प्रस्तुत लेखात पाण्याखालील ध्वनिसंभाषणाच्या इतिहासाचा, आणि त्यातही मुंबई ते सिंधुदुर्ग या किनाऱ्याशी निगडित असलेल्या टप्प्यांचा परामर्श घेतला आहे. हे साधन महाग राहिले याचे कारण पदार्थविज्ञानात सापडत नाही. ते स्वस्त झाले तेव्हा नौदलाच्या परंपरेपासून फुटून झाले; आणि या फुटीमुळे स्वस्त यंत्राची भाषा बचाव करणाऱ्याच्या यंत्राला कळेनाशी झाली. सिंधुदुर्गात पर्यटक-पाणबुडीची योजना पुढे येत असताना या इतिहासाकडे पाहणे अगत्याचे वाटते.

दोर आणि तार

बालाघाटच्या डोंगररांगेतील येडशीसारख्या गावी समुद्राचा विषय दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. पण या विषयाचे मूळ मराठवाड्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. विहिरीच्या तळाशी उतरलेल्या माणसाने दोर हलवला की वरच्याने काय समजायचे, हे येथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. एकोणिसाव्या शतकात तांब्या-पितळेचे शिरस्त्राण घालून समुद्रतळाशी काम करणारे पाणबुडे वरच्या मंडळींशी नेमके असेच बोलत. एक हिसका, दोन हिसके, लागोपाठ हिसके, एवढीच त्यांची वर्णमाला होती. १८७६ मध्ये दूरध्वनीचा शोध लागल्यानंतर हवेच्या नळीसोबत तारही खाली गेली आणि शिरस्त्राणात शब्द पोहोचू लागला.

समुद्राखालून तारेने संदेश नेण्याचा अनुभव मुंबईला त्याआधीच आला होता. १८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे टाकलेली सागरी तार मुंबईस पोहोचली आणि ब्रिटनशी थेट तारायंत्राने दळणवळण सुरू झाले. तारेचा गुण असा की तिच्यात आवाज स्वच्छ येतो आणि तिचा खर्चही तुलनेने अल्प असतो. तिचा दोषही तितकाच उघड आहे. जो मोकळेपणाने फिरतो त्याच्या पायात ती बेडी होते. कड्याकपारींतून वळणे घेणाऱ्या नौकेला ती अडकवते, आणि वरचे टोक निकामी झाले की खालचे टोक मुके होते.

लहरीवरचा आवाज

तार नको म्हटले तर उरते ती लहर. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात फार लवकर विरतात. त्यामुळे आकाशवाणीचे सारे तंत्र येथे निरुपयोगी ठरते. ध्वनीला मात्र पाणी अनुकूल आहे. १८२६ मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात कोलादाँ आणि स्टुर्म यांनी पाण्यात घंटा वाजवून ध्वनीचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे १४३५ मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक भरला. समुद्राच्या पाण्यात तो साधारण १५०० मीटर धरला जातो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फेसेन्डेन याने अमेरिकेत, तर लांजव्हँ याने फ्रान्समध्ये विजेचे ध्वनीत आणि ध्वनीचे विजेत रूपांतर करणारी साधने तयार केली. त्यांचा उपयोग मुख्यतः संकेत पाठविण्यासाठी आणि शत्रूच्या पाणबुडीचा व हिमनगांचा माग काढण्यासाठी झाला.

माणसाचा आवाज जसाच्या तसा पाण्यात सोडून भागत नाही. आपल्या बोलण्यातील उपयुक्त कंपने साधारण ३०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. नौकेच्या यंत्रांची घरघर याच पट्ट्यात असते. शिवाय इतक्या कमी वारंवारतेचा ध्वनी पाण्यात फेकण्यास मोठे आणि जड प्रक्षेपक लागतात. यावर निघालेला तोडगा असा : संपूर्ण आवाज उचलून वरच्या पट्टीत नेऊन ठेवायचा, पाण्यातून पाठवायचा, आणि पलीकडे पोहोचल्यावर पुन्हा खाली उतरवायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने रूढ केलेल्या जलांतर्गत दूरध्वनीत वाहक वारंवारता ८०८७.५ हर्ट्झ ठरली, आणि बोलणे तिच्या वरच्या बाजूस सुमारे ११ किलोहर्ट्झपर्यंत पसरले. पुढे मित्रराष्ट्रांच्या नौदलांनी हीच पद्धत प्रमाण मानली. ही वारंवारता विशेष गुणकारी होती असे नव्हे. तिचे खरे मोल सर्वसंमतीत होते. कोणत्याही देशाची बचावनौका आली तरी तिच्या यंत्राला बुडालेल्या पाणबुडीचे शब्द उलगडता यावेत, हे या सर्वसंमतीने साधले.

या दूरध्वनीची कसोटी पाहणारे तीन प्रसंग येथे नोंदविणे आवश्यक आहे. २३ जानेवारी १९६० रोजी पिकार आणि वॉल्श हे ‘त्रिएस्त’मधून पॅसिफिक महासागराच्या सर्वांत खोल गर्तेत उतरले. तळावरून त्यांनी उच्चारलेला शब्द वर पोहोचण्यास सुमारे सात सेकंद लागत होते. तरीही तो पोहोचला. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी १२९ जणांसह बुडाली. तिचे अखेरचे बोलणे वरच्या ‘स्कायलार्क’ नौकेने जलांतर्गत दूरध्वनीवर ऐकले, परंतु ते अस्पष्ट होते. त्या शब्दांचा नेमका अर्थ काय, यावर पुढे बराच ऊहापोह झाला.

तिसरा प्रसंग आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा आहे. २९ ऑगस्ट १९७३ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर ‘पायसीस ३’ ही दोन माणसांची छोटी पाणबुडी सुमारे ४८० मीटर खोल तळाशी जाऊन आदळली. तिच्याकडे काम होते अटलांटिकपार जाणारी दूरध्वनीची तार समुद्रतळाशी पुरण्याचे. रॉजर चॅपमन आणि रॉजर मॅलिन्सन हे दोघे सुमारे दोन मीटर व्यासाच्या गोलात तीन दिवसांहून अधिक काळ अडकून पडले. कमीत कमी हालचाल करीत आणि कमीत कमी बोलत त्यांनी प्राणवायू जपला. पण वरच्यांशी त्यांचा ध्वनिसंपर्क होता. १ सप्टेंबर रोजी त्यांना वर काढण्यात आले तेव्हा प्राणवायू जेमतेम काही मिनिटांचा उरला होता. त्यांच्या बचावाचे श्रेय एकट्या दूरध्वनीला देता येणार नाही. दोर अडकविणाऱ्या इतर पाणबुड्या आणि यांत्रिक साधने नसती तर नुसत्या बोलण्याने काय होणार होते? तथापि, आतील माणसे जिवंत आहेत हे वर निश्चितपणे ठाऊक होते, म्हणूनच एकामागून एक प्रयत्न फसले तरी शोधकार्य नेटाने चालू राहिले.

मुंबई हाय : तारेचे राज्य

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाण्याखालच्या संभाषणाचा दैनंदिन, व्यावसायिक वापर मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो तेलामुळे. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर तेल शोधले. तेथे समुद्राची खोली साधारण ७५ मीटर आहे. साध्या हवेवर इतक्या खोलीत दीर्घकाळ काम करता येत नाही. दाबाखालील नायट्रोजनमुळे माणसाची बुद्धी गुंगावते. म्हणून नायट्रोजनऐवजी हेलियम द्यावा लागतो, आणि पाणबुडे दिवसेंदिवस दाबकक्षात राहून तेथूनच घंटेच्या आकाराच्या पिंजऱ्यातून कामावर जातात.

हेलियममुळे एक विलक्षण अडचण उद्भवली. या वायूत ध्वनीचा वेग हवेच्या जवळजवळ तिप्पट असल्याने घशातून निघणाऱ्या आवाजाचा पोत पार बदलतो, आणि धडधाकट पुरुषाचे बोलणे चित्रपटातील बदकासारखे चिरके व अनाकलनीय होते. आज्ञा देणारा वर, काम करणारा खाली, मधली तार उत्तम. तरीही शब्द कळेना. तो चिरका आवाज पुन्हा मानवी पट्टीत आणणारे यंत्र वरच्या नियंत्रण कक्षात बसवावे लागले. श्वासाचा वायू, अंग उबदार ठेवणारे गरम पाणी आणि बोलण्याची तार एकाच जाड वेटोळ्यातून खाली जाते. या वेटोळ्याला इंग्रजीत नाळेचेच नाव आहे. ते अतिशय समर्पक म्हणावे लागेल.

या नाळेची मर्यादा २७ जुलै २००५ रोजी दिसून आली. ऐन पावसाळ्यात ‘समुद्र सुरक्षा’ ही साहाय्यक नौका मुंबई हाय उत्तर फलाटाच्या वायुवाहिनीवर आदळली, वायूने पेट घेतला आणि अवघ्या दोन तासांत फलाट नष्ट झाला. २२ जणांचा बळी गेला. नौकाही पेटली व सोडून द्यावी लागली. परंतु तिच्या दाबकक्षात सहा पाणबुडे होते. दाब हळूहळू उतरविल्याशिवाय त्यांना बाहेर काढणे म्हणजे मृत्यूच. सुमारे ३६ तासांनंतर त्यांची सुटका झाली. पाण्याखालच्या कामात सुरक्षिततेची सारी भिस्त वरच्या नौकेवर ठेवली जाते. येथे वरची नौकाच संकटात सापडली. छोट्या पाणबुडीचा विचार करताना या घटनेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

माझगाव आणि नौदल गोदी

लहरीवरच्या संभाषणाची परंपरा मुंबईत आली ती नौदलाच्या मार्गाने. माझगाव गोदीत जर्मन आराखड्यानुसार बांधलेली ‘शल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्या पाठोपाठ १९९४ मध्ये ‘शंकुल’ आली. या वर्गाच्या पाणबुड्यांत संपूर्ण चमूला सामावून घेणारा बचावगोल बसविलेला आहे. भारतीय नौदलाकडे १९६७ पासून पाणबुड्या होत्या, मात्र खोल पाण्यात अडकलेल्या पाणबुडीला जोडून माणसे काढून आणणारे स्वतःचे वाहन मुंबईच्या नौदल गोदीत दाखल झाले ते १२ डिसेंबर २०१८ रोजी. ब्रिटिश बनावटीचे हे वाहन ६५० मीटरपर्यंत उतरू शकते. म्हणजे पहिल्या पाणबुडीनंतर तब्बल एक्कावन्न वर्षांनी.

दरम्यान ध्वनिशास्त्राचे स्वदेशी ज्ञान देशात नव्हते असे मुळीच नाही. कोची येथील नौदल प्रयोगशाळेत आरोग्यस्वामी पॉलराज यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली ‘अप्सोह’ ही ध्वनिशोधक प्रणाली १९८३ मध्ये ‘हिमगिरी’ नौकेवर बसविली गेली. परंतु हे ज्ञान संरक्षणाच्या भिंतीआड राहिले, आणि ते तसे राहणे साहजिकही होते. मच्छीमार, पर्यटन व्यावसायिक किंवा एखादे अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यापर्यंत ते झिरपले नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ हे छोटे जलयान घडविले. पण ते स्वयंचलित, मनुष्यरहित होते. त्याला बोलण्याची गरजच नव्हती. नागरी क्षेत्रात माणसाला नेणारे आणि म्हणून बोलके वाहन हवे, ही निकड आपल्याकडे फार उशिरा उत्पन्न झाली.

घड्याळातला स्फटिक

स्वस्त ध्वनियंत्राची कथा नौदलाच्या बाहेर घडली. अमेरिकेत जॉर्ज किट्रेज या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने २५० फूट खोल जाणाऱ्या एका माणसाच्या छोट्या पाणबुडीचा आराखडा लोकांपर्यंत नेला, आणि घरच्या कर्मशाळेत पाणबुडी बांधणाऱ्या हौशी मंडळींचा एक वर्ग तयार झाला. कवच वेल्डिंगने जोडता येते, बॅटऱ्या बाजारात मिळतात. पण नौदलाचा दूरध्वनी त्यांच्या आवाक्याबाहेर होता. त्यांच्या मदतीला आला हौशी पाणबुड्यांसाठी तयार झालेला, मुखवट्यात बसणारा छोटा संच. त्याचीही पद्धत तीच, आवाज उचलून वर नेण्याची. वारंवारता मात्र वेगळी : ३२.७६८ किलोहर्ट्झ.

हा आकडा वाचकांच्या मनगटावर असण्याचा संभव आहे. स्फटिकावर चालणाऱ्या साध्या घड्याळात सेकंदाला ३२,७६८ कंपने होतात. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की नेमके एक कंपन, म्हणजे एक सेकंद उरतो. घड्याळउद्योगाने असे स्फटिक अगणित संख्येने आणि कवडीमोलाने उपलब्ध करून दिले. पाण्याखालच्या बोलण्याने नेमकी हीच वारंवारता उचलावी, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. शिवाय वारंवारता जितकी अधिक तितका प्रक्षेपक लहान करता येतो. भाजलेल्या मातीच्या पदार्थाचे एक छोटे कडे पुरते.

स्वस्ताईची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. पहिली, पल्ल्याची. या पट्ट्यात समुद्राचे पाणी ध्वनी जितका शोषते ते प्रमाण साधारणपणे वारंवारतेच्या वर्गानुसार वाढते. वारंवारता तिप्पट झाली की शोषण सुमारे नऊपट. दुसरी किंमत अधिक गंभीर आहे आणि तिची चर्चा क्वचितच होते. ८ किलोहर्ट्झवर कान लावून बसलेल्या बचावनौकेला ३२ किलोहर्ट्झवरचा आक्रोश शब्दरूपात ऐकू येत नाही. दोघेही मराठीत बोलत असले तरी त्यांच्यात दुभाष्या लागेल, अशी ही स्थिती आहे.

आवाजच नको, लिखित संदेश पुरे, असाही एक विचार अलीकडे रुजला. अक्षरे पाठविण्यास कमी शक्ती लागते, हे खरे. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना पाच जणांसह नष्ट झालेली ‘टायटन’ अशाच छोट्या लिखित संदेशांवर अवलंबून होती. तिचे कवच फुटले तेव्हा कोणताही दूरध्वनी कामी आला नसता, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पण संपर्क तुटल्यानंतर अमेरिकी तटरक्षक दलाला कळविण्यास कित्येक तास गेले. चालू असलेले बोलणे वाक्याच्या मध्येच थांबले तर ऐकणारा दचकतो. लेखी निरोप न येणे मात्र सहज अंगवळणी पडते.

निवतीचे उथळ पाणी

भारतात हा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो ‘समुद्रयान’ प्रकल्पाने. तीन माणसांना ६००० मीटर खोल नेण्यासाठी चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य ६०००’ विकसित करीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. रमेश आणि निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग यांनी फ्रान्सच्या ‘नोतील’मधून अटलांटिकमध्ये अनुक्रमे ४०२५ व ५००२ मीटर खोलीचा अनुभव घेतला. तत्पूर्वी, २०२५ च्या आरंभी चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदरात ‘मत्स्य’च्या चाचण्या झाल्या. तेथे ध्वनिसंभाषण काहीसे उणे पडले, आणि त्याचे कारण बंदरातील अपुरी खोली हे देण्यात आले.

सामान्य समज असा की पाणी जितके खोल तितके बोलणे अवघड. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. खोल समुद्रात वरची नौका थेट डोक्यावर असते आणि ध्वनीला सरळ वाट मिळते. उथळ पाण्यात तो पृष्ठभागावर आपटतो, तळावर आपटतो, पुन्हा वर येतो. एकच शब्द काही सहस्रांश सेकंदांच्या फरकाने अनेकदा पोहोचतो आणि अक्षरांवर अक्षरे चढतात. विजापूरच्या गोलघुमटात उभे राहून लांबलचक वाक्य बोलून पाहणाऱ्यास याची कल्पना येईल.

सिंधुदुर्गातील निवतीच्या खडकांजवळ पर्यटक-पाणबुडीची योजना २०१८ पासून चर्चेत आहे. जानेवारी २०२४ मध्ये सेवानिवृत्त झालेली नौदलाची ‘गुलदार’ ही नौका त्याच परिसरात समुद्रतळाशी ठेवून तिचे संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतला. हे सारे पाणी उथळ आहे. खडकाळ भागात चटचट आवाज करणाऱ्या इवल्या कोळंब्यांचा गोंगाट असतो. तो काही किलोहर्ट्झपासून कितीतरी वरपर्यंत पसरतो आणि नौदलाच्या दूरध्वनीचा पट्टा पुरता व्यापतो. भर म्हणून मासेमारीच्या यांत्रिक नौकांची घरघर असते. परदेशी यंत्राच्या माहितीपत्रकातील पल्ला शांत, खोल पाण्यात मोजलेला असेल तर तो निवतीला लागू पडणार नाही. यंत्राची चाचणी त्याच जागी, मासेमारीच्या ऐन गर्दीत घेणे आवश्यक आहे. तसेच ३२ किलोहर्ट्झचा स्वस्त संच घेतला तरी त्यासोबत ८ किलोहर्ट्झवर बोलू शकणारे साधन असावे. कारण तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबईतून येणाऱ्या बचावपथकाची भाषा तीच आहे. आजच्या छोट्या संगणकीय चकत्यांवर दोन्ही वारंवारता एकाच संचात हाताळणे शक्य आहे. खर्च वाढतो तो मुख्यतः दुसऱ्या, मोठ्या प्रक्षेपकाचा. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हाती घ्यावा असा हा विषय आहे.

याशिवाय एक जुना उपायही उपलब्ध आहे. वीस-पंचवीस मीटर खोलीत पाणबुडीमागे बारीक तारेने जोडलेला तरंगता फुगा ओढत नेला आणि त्यावर नौकांवर असतो तसा साधा रेडिओ बसविला, तर आवाज स्वच्छ येतो, प्रतिध्वनीचा प्रश्न उरत नाही, आणि वरची नौका निकामी झाली तरी किनाऱ्याला थेट हाक मारता येते. सर्वांत कमी खर्चाचा मार्ग हाच. अडचण आहे ती जाळ्यांची. निवती-मालवणच्या पाण्यात पर्यटनाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो आणि मासेमारीही तेव्हाच जोरात असते. जून-जुलैच्या बंदीत जाळी किनाऱ्यावर असतात, पण तेव्हा समुद्रच खवळलेला असतो. त्यामुळे फुग्याची तार कोणत्या मार्गाने आणि कोणत्या वेळी न्यायची, हे यंत्राच्या निर्मात्याआधी तेथील मच्छीमारांना विचारावे लागेल.